गणेशोत्सव सर्वांसाठी : मंडपाची आखणी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात ते 7 होते. त्यामुळे केवळ व्हीलचेअरचा विचार पुरेसा नाही.

उतार : 1 फूट उंचीस किमान 12 फूट लांबी. 6 इंचांच्या 3 पायऱ्या असल्यास 18 फूट. तेवढी जागा नसेल तर मूर्तीची स्थापना खालीच करावी. सभासदाला खुर्चीसकट उचलून नेणे ही सोय नव्हे. असा सभासद बहुधा पुढच्या वर्षी येत नाही.

सूचना : ध्वनिक्षेपकावर सांगाव्यात, फलकावरही मोठ्या अक्षरांत लिहाव्यात.

दर्शन : गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी ढोल-ताशांविना एक वेळ ठेवावी.

महाप्रसाद : टेबले सर्वांच्याच पंगतीत मांडावीत, कोपऱ्यात नव्हे.

आखणीच्या पहिल्या बैठकीलाच दिव्यांग सभासदांना बोलवावे. खर्चाचा अंदाज त्यानंतर करावा.