विश्रांतीचा हिशेब

कामगाराचे स्वास्थ्य आणि कारखान्याचे उत्पादन यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचे पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. 1893 साली इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे ‘माथर अँड प्लॅट’ कारखान्याने आठवड्याचे काम 53 तासांवरून 48 तासांवर आणले. न्याहारीपूर्वी काम सुरू करण्याची पद्धत बंद झाली. वर्षभराच्या नोंदींत उत्पादन टिकून राहिल्याचे दिसले, शिवाय उशीर व गैरहजेरीमुळे बुडणारा वेळही घटला. 1894 मध्ये सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यांनी हाच पायंडा स्वीकारला.

अधिक काटेकोर पडताळणी जर्मनीतील येना येथे झाली. झाइस कारखान्याचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी 1900 साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि उक्ते काम करणाऱ्या 233 कामगारांची आधीची व नंतरची कमाई तपासली. उक्त्या कामाची मजुरी नगांवर ठरते, त्यामुळे पगाराच्या वहीतच उत्पादनाची नोंद होती. दिवसाचे उत्पादन कायम राखायला ताशी साडेबारा टक्के वाढ पुरेशी होती. प्रत्यक्षात ती 16.2 टक्के भरली.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याची निकड वाढली, तसे कामाचे तासही वाढले. 1915 साली ब्रिटनने दारूगोळा कामगारांच्या आरोग्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिच्यासाठी होरेस व्हर्नन यांनी लेथवर तोफगोळ्यांच्या फ्यूजचे भाग कातणाऱ्या स्त्रियांचे काम मोजले. आठवड्याचे सुमारे 66 तास 50 च्या आत आल्यावर केवळ ताशी नव्हे, तर एकूण उत्पादनही वाढले. नवा वेग यायला मात्र काही आठवडे लागले, कारण साचलेला थकवा एका सुट्टीत उतरत नाही. रविवारच्या कामाविरुद्धही समितीने स्पष्ट मत दिले.

मुंबईच्या गिरण्यांत विश्रांती आली ती चळवळीतून. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. 1890 साली गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली. 48 तासांचा आठवडा भारतीय कायद्यात यायला मात्र 1946 साल उजाडले. सॅलफर्ड आणि येनाचे आकडे तोवर सुमारे अर्धशतक जुने झाले होते.