एक्सेलच्या १२ शीट एकदम प्रिंट करताना पानं का विस्कटतात? जाणून घ्या सोपे उपाय

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात अनेक कारखाने आहेत. कारखाना म्हटला की हजेरीपत्रक आलं. एक्सेलच्या एकाच फाइलमध्ये १२ महिन्यांच्या १२ शीट, प्रत्येकीत कामगाराचं नाव, महिन्याच्या तारखा आणि शेवटी 'एकूण दिवस'. स्क्रीनवर सगळं नीट दिसतं, पण प्रिंट काढली की 'एकूण दिवस' हा रकाना भलत्याच पानावर जातो. मग आपले दिवस बरोबर धरलेत का, हे कामगाराने कसं तपासायचं?

असं का होतं?

एक्सेलमध्ये पानाची मांडणी प्रत्येक शीटसाठी वेगळी साठवली जाते. जानेवारीच्या शीटवर पान आडवं केलं, तरी फेब्रुवारीचं उभंच राहतं. कागदाचा आकार, समास आणि स्केल यांचंही तसंच.

सगळ्या शीटची मांडणी एकदम कशी बदलायची?

१. आधी एक शीट नीट लावून घ्या आणि तीच उघडी ठेवा.
२. खालच्या टॅबवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट ऑल शीट्स' निवडा. ठरावीक शीटच हव्या असतील, तर कंट्रोल दाबून त्या टॅबवर क्लिक करा.
३. 'पेज लेआउट'मधून 'पेज सेटअप'ची चौकट उघडा. ओरिएंटेशन 'लँडस्केप' आणि कागद 'ए४' ठेवा.
४. 'फिट टू'मध्ये रुंदीला १ पान लिहा, उंचीचा रकाना रिकामा सोडा. दोन्हीकडे १ लिहिलं, तर लांबलचक यादी एकाच पानात कोंबली जाते आणि अक्षरं वाचता येत नाहीत.
५. ओके करून प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक पान बघा.

सर्वात महत्त्वाची काळजी

काम झालं की टॅबवर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करा. ग्रुप तसाच राहिला आणि जानेवारीत एखादी हजेरी बदलली, तर तोच बदल बाराही महिन्यांत त्याच जागी होतो. वर फाइलच्या नावापुढे 'ग्रुप' दिसत असेल, तर काहीही टाइप करू नका.

तरीही अडचण येते? हे तपासा

• प्रत्येक पानावर मथळा येत नाही: 'प्रिंट टायटल्स' आणि 'प्रिंट एरिया' ग्रुपमध्ये बदलता येत नाहीत. ग्रुप सोडून प्रत्येक शीटवर ते वेगळे द्यावे लागतात.

• अक्षरं लहान-मोठी दिसतात: फेब्रुवारीत २८ किंवा २९ रकाने, मार्चमध्ये ३१. त्यामुळे 'फिट टू' प्रत्येक शीटचं स्केल वेगळं काढतं. ३१ दिवसांच्या महिन्याला जी टक्केवारी पुरते, तीच 'अॅडजस्ट टू'मध्ये सगळ्यांना द्या.

• कोरी पानं निघतात: कंट्रोल आणि एंड दाबा. कर्सर यादीच्या बराच खाली किंवा उजवीकडे गेला, तर मधल्या जादा ओळी आणि रकाने डिलीट करून फाइल सेव्ह करा.

• पान मध्येच तुटतं: 'पेज ब्रेक प्रिव्ह्यू'मध्ये निळ्या रेषा दिसतात. त्यातली सलग रेषा हाताने टाकलेली असते, तुटक रेषा एक्सेलची. 'रिसेट ऑल पेज ब्रेक्स'ने हाताने टाकलेल्या रेषा निघतात. 'फिट टू' सुरू असेल, तर एक्सेल त्या रेषा मानतच नाही.

• एका पीडीएफऐवजी अनेक फाइल तयार होतात: शीटची 'प्रिंट क्वालिटी' वेगवेगळी असण्याची शक्यता असते. ग्रुप करून ती सारखी करा.

• पान क्रमांक पुढे चालू राहतात: प्रत्येक महिना १ पासून हवा असेल, तर 'फर्स्ट पेज नंबर'मध्ये 'ऑटो'ऐवजी १ लिहा.

सगळ्या शीट छापायच्या असतील, तर प्रिंटच्या पर्यायांत 'प्रिंट एंटायर वर्कबुक' निवडा. लपवलेल्या शीट मात्र यात येत नाहीत. आणि कागद वाया जाऊ नये म्हणून आधी पीडीएफ काढा. नाव, तारखा आणि एकूण दिवस एकाच ओळीत, एकाच पानावर दिसले, की मगच प्रिंटरला कमांड द्या.