निफ: जिवाणूंचा लेगसी कोड

जुना, डॉक्युमेंटेशन नसलेला कोड 'साफ' करायची खाज आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार. जीवशास्त्रज्ञही यात मागे नाहीत हे वाचून बरं वाटलं!

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकांना तो तसाच घेता येत नाही. काही जिवाणू मात्र त्याचा अमोनिया करतात. हे काम करणारी 'निफ' जनुकं १९७२ मध्ये रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी क्लेबसिएला या जिवाणूतून ई. कोलायमध्ये नेली... आणि तिथे ती चक्क चालली! मग गव्हात का नाही? ते स्वप्न तेव्हापासूनचं.

पण हे काम महागडं. नायट्रोजनच्या एका रेणूमागे १६ एटीपी खर्च, वर ऑक्सिजन लागला की एन्झाइम बाद. म्हणून पहारा आहे. निफ-ए हे प्रथिन जनुकं चालू करतं. ऑक्सिजन किंवा आयता अमोनिया असला की निफ-एल त्याला अडवून धरतं. सरळ इफ-एल्स!

२०१२ मध्ये क्रिस्टोफर व्हॉइट यांच्या गटाने हे नियंत्रण काढून स्वतःचे स्विच बसवले. नावही आपलंच दिलं: रिफॅक्टरिंग. निकाल? मूळच्या जेमतेम ७ टक्के काम. २०१४ मध्ये बरीच जुळवाजुळव करून ते ५७ टक्क्यांवर नेलं.

मला तो ७ चा आकडा जास्त शिकवून गेला. युरियाचं पोतं वाचवायचं, तर चालू कसं करायचं याइतकंच बंद केव्हा करायचं हेही कळायला हवं.