टिळकांचे स्नेही काका बॅप्टिस्टा

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यकालाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपल्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. राजनिष्ठेचाच तो काळ. त्याच समाजातील, माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा लोकमान्य टिळकांच्या पक्षाला मिळाले, हे धाडस लहान नव्हे. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा टिळकांनी स्वतः कोणतेही पद न घेता अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपविले. विलायतेत त्यांनी मजूर पक्षापुढे स्वराज्याची बाजू मांडली. कामगारांवर तर त्यांचा विशेष जीव! १९२१ साली झरिया येथील आयटकच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद (आजच्या भाषेत महापौरपद) त्यांना लाभले. १९३० साली ते निवर्तले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. आपल्या घरांत मात्र ते क्वचितच ऐकू येते.