आणेवारी आणि अंकीकरण : इंदापूर तालुक्यातील एक पूर्वपीठिका

सलग बदलणारी राशी ठराविक पायऱ्यांत बसवून तिला अंक देणे हे आज अल्पमोली मायक्रोकंट्रोलरचे नित्यकर्म झाले आहे. बावडा ज्या इंदापूर तालुक्यात मोडते, तेथे हाच व्यवहार एकोणिसाव्या शतकात जमिनीवर झाला होता.

१८३० मध्ये प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ हा सरकारचा हिस्सा धरून येथे सारा बसविला. हिशेब अतिसूक्ष्म होता. परंतु ज्या मोजण्यांवर तो उभारला होता, त्या भरवशाच्या नव्हत्या. सारा जड झाला, शेते ओस पडली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तीस वर्षांच्या मुदतीने नवे दर लावले. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम ग्रथित झाले. त्यांनुसार उत्तम पोताची जमीन पावणेदोन हात खोल असल्यास सोळा आणे. पुढे खोली पाव-पाव हाताने घटेल तसे चौदा, बारा, दहा, आठ, सहा आणि अखेरीस पाव हातास साडेचार आणे. जमीन स्वतः अशी पायऱ्यापायऱ्यांनी उथळ होत नसते, हे सांगावयास नको.

पिकाची आणेवारी याच मापाची. परंतु तेथे एकेका आण्याला फार मोल होते. मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात १९१८ साली जो लढा झाला, त्याचे मूळ येथेच आहे. पीक चार आणे वा त्याहून कमी असल्यास साऱ्याची वसुली पूर्णतः तहकूब व्हावयाची. रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकार म्हणे, वर आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. (बोलण्यात मात्र ‘सोळा आणे खरे’ टिकून राहिले, भाषा नाण्यांच्या कायद्याने चालत नाही.) पायऱ्या सोळाच्या शंभर झाल्या. परंतु सोळा आणे किंवा शंभर पैसे म्हणजे नेमके किती पीक, हा प्रश्न पायऱ्या वाढवून सुटणारा नव्हता.

नेमकी हीच गोष्ट मायक्रोकंट्रोलरमध्ये दिसते. एटीमेगा ३२८ या सर्वपरिचित चिपमधील रूपांतरक दहा बिटांचा, म्हणजे १०२४ पायऱ्यांचा आहे. पाच व्होल्टच्या संदर्भावर एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची पडते. तथापि तो व्होल्टेज मोजतो असे म्हणणे सैल होय. संदर्भ-व्होल्टेजशी असलेले गुणोत्तरच तो अंकात सांगतो. पुरवठ्याचे व्होल्टेज हाच संदर्भ घेतला आणि ते पाचावरून साडेचारावर उतरले, तर संवेदकाचे दोन व्होल्ट जसेच्या तसे असूनही ४०९ हा अंक ४५५ होतो. या चिपमध्ये सुमारे १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो. तो पुरवठ्याच्या तुलनेत मोजून पुरवठा किती उतरला हे ताडता येते. पिकाच्या बाबतीत नजरअंदाजाला ताडून पाहण्याचे असे साधन १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे व पानसे यांच्या यादृच्छिक नमुना-पद्धतीच्या पीककापणी प्रयोगांनी दिले.