दम्याचा फवारा : आराम आणि उपचार

दमेकरी माणसाच्या उशाशीं आज जी फवाऱ्याची लहानशी नळी असते, तिच्याविषयीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, ती जवळ असली कीं भय नाहीं. दुसरा म्हणतो, तिची सवय लागली कीं ती जन्माची जडली. यांपैकीं कोणत्या मतांत किती तथ्य आहे, हें कळण्यास या नळीचा इतिहासच पाहिला पाहिजे.

इ. स. १९५५ मध्यें अमेरिकेंतील रायकर या औषधें करणाऱ्या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीनें विचारलें कीं, केसांवर मारावयाच्या फवाऱ्याप्रमाणें माझें औषधहि डब्यांत कां भरूं नये? पुढच्याच वर्षीं मोजक्या मात्रेचा इनहेलर बाजारांत आला. त्यांतील आयसोप्रिनालीन हें औषध श्वासनलिकेचे आवळलेले स्नायू बघतां बघतां सैल करी.

परंतु दमा म्हणजे केवळ स्नायूंचें आवळणें नव्हे. त्याच्या मुळाशीं श्वासनलिकेच्या अस्तराची सूज असते. या औषधानें रोग्यास आराम पडे. सूज मात्र तशीच राही. याचा अनुभव इंग्लंड व वेल्समध्यें फार दुःखद रीतीनें आला. तेथें १० ते १४ वर्षांच्या मुलांत दम्यानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण १९६६ पर्यंतच्या सात वर्षांत सुमारें आठपट झालें. स्पायझर, डॉल आणि हीफ यांनीं १९६८ सालीं ही गोष्ट पुढें मांडली. त्याच वर्षीं हे फवारे डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून मिळेनासे झाले. मृत्यूंची संख्या उतरली. सारा दोष फवाऱ्याचाच होता कीं काय, यावर विद्वानांचा वाद पुढेंहि चालला.

तो वाद मिटला नाहीं, तोंच न्यूझीलंडांत तसेंच घडलें. तेथें १९७६ मध्यें फेनोटेरॉल हें त्याच जातीचें औषध आलें आणि लवकरच मृत्यू वाढले. १९८९ नंतर त्याच्या वापरास आळा बसला, तेव्हां ते कमी झाले. १९९० मध्यें सिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच रोग्यांना २४ आठवडे हें औषध नियमित दिलें आणि २४ आठवडे केवळ गरजेपुरतें फवारे घेऊं दिले. ज्या ५७ जणांत फरक दिसला, त्यांपैकीं ४० जणांचा दमा गरजेपुरत्या वापरांतच अधिक आटोक्यांत राहिला.

म्हणजे नियमितपणा वाईट काय? नव्हे. १९७२ पासून ब्रिटनमध्यें बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडाचा फवारा मिळूं लागला होता. तो तत्काळ आराम देत नाहीं, पण रोज घेतल्यास सूज उतरवितो. कॅनडांतील सस्काचेवान प्रांतांतील नोंदी तपासून २००० सालीं दाखविण्यांत आलें कीं, असे फवारे वर्षभरांत जितके अधिक वापरले, तितका दम्यानें मरण्याचा धोका कमी. त्याचेहि कांहीं दोष आहेत. तोंडांत बुरशी येते, म्हणून घेतल्यावर चूळ भरावी. लहानपणीं तो दीर्घकाळ घेतलेल्यांची उंची सरासरीनें सुमारें १.२ सेंटिमीटर कमी भरल्याचें २०१२ च्या अमेरिकन अभ्यासांत आढळलें. गुदमरून जाणाऱ्या जिवापुढें ही किंमत लहानच म्हटली पाहिजे.

अखेर २०१९ मध्यें ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेनें प्रौढांना व किशोरांना केवळ तात्पुरत्या आरामाच्या फवाऱ्यावर ठेवूं नये, सूज उतरविणारें औषधहि द्यावें, असा सल्ला दिला.

तेव्हां सवयीचें भय अगदींच निराधार नव्हतें. परंतु पुष्कळदां तें भलत्याच नळीवर बसतें. लोक आराम देणारी नळी वारंवार ओढतात आणि सूज उतरविणारी, बरें वाटतांच, टाकून देतात. आपल्या घरीं दमेकरी असेल, तर त्याची नळी कोणत्या जातीची आहे, हें आजच डॉक्टरांना विचारावें. आणि रोजचें औषध त्यांच्या सल्ल्यावांचून बंद करूं नये.