पाणी किती, ब्लीच किती

इमारतीची बाहेरची भिंत धुण्यासाठी ब्लीचमध्ये किती पाणी घालावे, हे गणित त्रैराशिकाचे आहे. अवघड असते ते हातातले ब्लीच मुळात किती तीव्र आहे हे ठरवणे. हा प्रश्न प्रथम भिंतींना नव्हे, युरोपातल्या कापडधंद्याला पडला.

स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल शीले याने १७७४ मध्ये क्लोरीन वायू मिळवला आणि त्याने वनस्पतींचे रंग उडतात, असे नोंदवले. तोवर लिननचे कापड क्षारपाण्यात उकळून, आंबट दुधात भिजवून, कित्येक आठवडे गवतावर उन्हात पसरून पांढरे करत. १७८५ मध्ये फ्रान्समध्ये बर्तोले याने हे काम क्लोरीनवर सोपवले. पुढे पॅरिसजवळच्या जावेल येथे पोटॅशच्या द्रावणात वायू मुरवून ‘जावेलचे पाणी’ तयार होऊ लागले. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विझवलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवला आणि १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. पूड पिंपांत भरून कुठेही नेता येई.

पण दोन पिंपांतला माल सारखा नसे. द्रावण कडक झाले तर धागा कुजे, सौम्य राहिले तर कापड पिवळट राही. रूआँ शहरातील देक्रोआझी याने यावर निळीची कसोटी काढली: ठरावीक ताकदीच्या निळीच्या द्रावणाचा रंग घालवायला किती ब्लीच लागते ते मोजायचे. रंग जाताना डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे कारागिरालाही ती जमे. १८२४ मध्ये गे-ल्युसॅकने तिला शिस्त लावली आणि नमुन्यातून किती लिटर क्लोरीन वायू मिळू शकेल यावरून ‘अंश’ ठरवले. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे ३.१७ ग्रॅम क्लोरीन. फ्रान्समध्ये ब्लीचच्या बाटल्यांवर हे अंश विसाव्या शतकातही छापले जात. आज आपण ‘उपलब्ध क्लोरीन’ टक्क्यांत सांगतो, तो याच हिशेबाचा वारस.

दरम्यान ब्लीच जंतुनाशक झाले. १८२० च्या दशकात लाबाराक या औषधविक्रेत्याने पॅरिसमधील आतडी स्वच्छ करणाऱ्या कारखान्यांची दुर्गंधी ब्लीचने घालवली. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिनने जखमांसाठी सुमारे ०.५ टक्क्याचे द्रावण ठरवले. विजेने मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणे सुरू झाल्यावर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव ब्लीच, स्वस्त झाले आणि कॅनमधून सर्वत्र पोचले.

मग भिंती आल्या. अमेरिकेच्या दमट आग्नेय भागात छपरांवरचे काळे ओघळ ग्लिओकॅप्सा मॅग्मा या नीलहरित जीवाचे असतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने डांबरी कौलांवरचे दाणे निघून जातात, म्हणून तिथे कमी दाबाने ब्लीच फवारण्याची रीत रुजली. भिंतीला साधारण अर्धा ते एक टक्का पुरतो. छपराला तीन टक्के किंवा अधिकही लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात निसरड्या पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकतात, तेव्हा मात्र मोजमाप मुठीचेच असते.

हिशेब असा: हवी ती टक्केवारी गुणिले एकूण लिटर, भागिले मूळ टक्केवारी. १२.५ टक्क्यांच्या ब्लीचपासून एक टक्क्याचे २० लिटर द्रावण करायला १.६ लिटर ब्लीच आणि १८.४ लिटर पाणी लागते. ‘एकास चार’ म्हटले की गोंधळ होतो. एक भाग ब्लीचमध्ये चार भाग पाणी घातले तर द्रावण २.५ टक्क्यांचे होते. चार भागांत एक भाग ब्लीच धरला तर ३.१ टक्क्यांचे. म्हणून टक्क्यांत बोललेले बरे.

यात एक गृहीत दडले आहे. ऊन आणि उष्णता यांनी हायपोक्लोराइट विघटित होते, त्यामुळे लेबलवरचा आकडा फक्त कारखान्यातून निघतानाचा. कॅनमधला माल आठ टक्क्यांवर उतरला असेल, तर त्याच २० लिटरना २.५ लिटर लागतील. आम्ल असलेले क्लीनर त्यात मिसळले, तर मात्र शीलेने मिळवला तोच विषारी वायू बाहेर पडतो.

जुन्या दगडी वास्तूंबाबत हा हिशेबच लावत नाहीत. हायपोक्लोराइट संपल्यावर मीठ उरते, ते दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन पृष्ठभाग सोलते. म्हणून संवर्धन करणारे तिथे पाणी, मऊ ब्रश आणि क्लोरीन नसलेली जैवनाशके वापरतात.